बाईक जपानी घ्यायची का युरोपियन? आधी सांगा, लिव्हर तुटला तर कुठून आणणार?



लातूरच्या एका बॅचमध्ये औशाकडचा एक पोरगा होता. वय तेवीस-चोवीस. आईच्या हातचा काळा मसाला पाकिटात भरून किराणा दुकानांना द्यायचा, असा त्याचा धंदा. पोरगा हुशार. पॅकिंगचा खर्च, दुकानदाराचं कमिशन, सगळं वहीत लिहून आणलेलं. शेवटच्या दिवशी चहा पिताना जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, एक पर्सनल विचारू का? केटीएम घेऊ का होंडा?"

मी म्हटलं, "कशासाठी घ्यायलास?"

"लाईनला जायला. औसा, किल्लारी, निलंगा. रोजचे साठ किलोमीटर तरी होतील. दीड लाख साठलेत, बाकीचं फायनान्स करतो."

मी विचारलं, "आणि मसाल्याला पैसे?"

तो हसला. म्हणाला, "त्याला मुद्रा काढू की सर."

हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. नांदेडला माझं ऑटो पार्ट्सचं दुकान आहे. काउंटरवर आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी कुणीतरी विचारतंच की जपानी घेऊ का युरोपियन. यूट्यूबवर दोन्ही बाजूंचे रिव्ह्यू बघून पोरं येतात. पिकअप, टॉर्क, एक्झॉस्टचा आवाज, सगळं तोंडपाठ असतं. पण त्या रिव्ह्यूवाल्याचं घर पुण्यात नाहीतर बंगळुरात असतं. आपलं घर लोह्यात, मुखेडात, उदगीरला, अहमदपूरला असतं. फरक तिथं पडतो. म्हणून आज ह्या विषयावर माझं स्पष्ट मत लिहून टाकतो. पटलं तर घ्या.

माझं मत एका ओळीत: ज्याचं पोट गाडीवर चालतं, त्याने गाडीचा देश बघू नये. गाडी बंद पडली तर पार्ट आणि मिस्त्री आपल्यापासून किती लांब आहे, ते बघावं.

आधी डोक्यातला एक घोळ काढू

लोकांना वाटतं जपानी म्हणजे मायलेजची साधी गाडी आणि युरोपियन म्हणजे महागडी शौकाची गाडी. आपल्याच मराठवाड्यातल्या जुन्या गाड्या आठवून बघा, हे खरं ठरत नाही.

आपल्या आजोबांची बजाज स्कूटर मुळात इटलीची. बजाजने पियाजिओचं लायसन घेऊन साठच्या दशकात पुण्यात व्हेस्पा बनवली. १९७१ ला तो करार संपला आणि १९७२ पासून त्याच घराण्याची चेतक आली. लुना आठवते का? दूधवाला, पेपरवाला, शाळेचे मास्तर, सगळ्यांकडे असायची. तीसुद्धा पियाजिओच्या 'चाओ' नावाच्या मोपेडवरून १९७२ ला कायनेटिकने काढलेली. बुलेट मूळची इंग्लंडची, १९५५ पासून मद्रासला बनायला लागली. येझदीचं मूळ झेक जावाचं, बनायची मैसूरला. म्हणजे एक काळ असा होता की आपल्या गल्लीतली झाडून सगळी गाडी युरोपची होती, आणि गरीब माणूसच ती चालवत होता.

जपानी आले १९८४ ते १९८६ च्या दरम्यान. चारही मोठ्या जपानी कंपन्या आल्या आणि चौघींनी भारतीय जोडीदार घेतला. सुझुकीबरोबर टीव्हीएस, होंडाबरोबर हिरो, यामाहाबरोबर एस्कॉर्ट्स, कावासाकीबरोबर बजाज. चौघींनी १०० सीसीच्या गाड्या काढल्या. यामाहाची आरएक्स हंड्रेड पळायला भारी होती, आजही तिचे वेडे आहेत. पण खेड्यातला बाजार खाल्ला १९८५ च्या हिरो होंडा सीडी हंड्रेडने. कारण त्या चारमधली ती एकटी फोर-स्ट्रोक होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं झंझट नाही, मायलेज बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त. पुढे १९९४ ला स्प्लेंडर आली आणि मग काय झालं ते सांगायची गरज नाही.

एक लक्षात घ्या. सीडी हंड्रेड जपानी होती म्हणून जिंकली नाही. पिकअपमध्ये ती आरएक्सच्या पुढे कधीच नव्हती. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, एजंटच्या खिशाचा हिशोब तिने बरोबर ओळखला म्हणून जिंकली. आणि गाडी वाढली तशी तिच्या मागे मिस्त्री वाढला, पार्टचं दुकान वाढलं. आज स्प्लेंडरची क्लच प्लेट कंधारला मिळते, चाकूरला मिळते, बाजाराच्या दिवशी टपरीवर पण मिळते. नुसती गाडी चांगली असून हे होत नाही, त्याला तीस वर्षं लागली.

आता तर देशच उलटे-पालटे झालेत

ज्याला आपण आज युरोपियन म्हणतो ती बनते कुठं, ते बघा.

केटीएम ऑस्ट्रियाची. बजाजने २००७ साली त्यात १४.५ टक्के हिस्सा घेतला, नंतर वाढवत नेला. २०१२ च्या जानेवारीत २०० ड्यूक भारतात आली, ती चाकणला बनलेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियात केटीएमने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आणि २०२५ मध्ये तिला वाचवायला ८० कोटी युरोची सोय कुणी केली? बजाजने. ज्या पुण्याने साठ वर्षांपूर्वी इटलीचं लायसन घेऊन स्कूटर बनवली, त्याच पुण्याने युरोपची कंपनी सावरली. धंदा शिकणाऱ्या माणसाने ही गोष्ट भिंतीवर लावावी अशी आहे.

ट्रायम्फ इंग्लंडची. जुलै २०२३ मध्ये स्पीड ४०० आली, एक्स-शोरूम २ लाख ३३ हजारांना. तीपण चाकणचीच. एप्रिलिया इटलीची, पण तिची आरएस ४५७ बनते आपल्या बारामतीत. बीएमडब्ल्यूची ३१० बनवली टीव्हीएसने, तामिळनाडूत होसूरला.

आणि उलट बाजू. कावासाकी जपानी आहे, चाकणला तिचा कारखाना आहे. पण तिच्या मोठ्या गाड्यांचे सुटे भाग बाहेरून येतात आणि इथं फक्त जुळवले जातात. आता सांगा, चाकणला बनलेली 'युरोपियन' आपल्याला जवळची का बाहेरून पेटीत आलेली 'जपानी' जवळची? आणि स्प्लेंडरला जपानी म्हणायचं का भारतीय? हिरो आणि होंडा २०१०-११ मध्येच वेगळे झाले.

म्हणून म्हणतो, टाकीवरचा बिल्ला बघून जपानी-युरोपियन भांडण करण्यात अर्थ नाही. तुमच्यासाठी दोनच जाती आहेत. एक, जिचा पार्ट तालुक्याला मिळतो. दुसरी, जिच्या पार्टसाठी फोन लावून वाट बघावी लागते.

माझीच फजिती

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. बीबीए झाल्यावर दुकान टाकलं. दुसऱ्याच वर्षी दिवाळीला गल्ला बरा झाला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. एका युरोपियन ब्रँडची गाडी घेतली. नाव सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. गाडी एक नंबर होती. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाताना असं वाटायचं की रस्ता संपूच नये.

सात-आठ महिन्यांनी अहमदपूरच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं. मला काही लागलं नाही. गाडीचा क्लच लिव्हर गेला, हँडल वाकला आणि रेडिएटरला भोक पडलं. गाडी छोट्या टेम्पोत घालून आणली. वर्कशॉपने सांगितलं रेडिएटर स्टॉकला नाही, मागवावा लागेल. चार दिवस सांगितले, सतरा दिवस लागले.

गंमत बघा. ऑटो पार्ट्सचं दुकान माझं, आणि माझ्याच गाडीला पार्ट नाही! रॅकला दोनशे ब्रेक शू आणि पन्नास चेन सेट लटकलेले, त्यातला एकही माझ्या कामाचा नाही. ते सतरा दिवस गल्ल्यावर बसायला माणूस नव्हता, कारण वसुलीला मी बसने जायलो होतो. जी वसुली दोन तासात व्हायची तिला अख्खा दिवस जायचा. शेवटी पप्पांनी त्यांची जुनी सीडी हंड्रेड काढून दिली. एक शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "हवा चेक कर, मागच्या चाकात कमी आहे." तेवढं पुरेसं होतं.

हप्ता मात्र त्या महिन्यातही पाच तारखेला बरोबर कटला. गाडी वर्कशॉपला उभी आहे, हे बँकेला माहीत नसतं.

आता वही काढा

औशाच्या त्या पोराला मी कागदावर जे करून दाखवलं तेच इथं देतो. आकडे हिशोबापुरते धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

रोज ६० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस. म्हणजे महिन्याला १,५०० किलोमीटर. पेट्रोल १०६ रुपये धरू, आपल्याकडे तसंही राज्यात महाग असतं.

साध्या १००-१२५ सीसी गाडीचं मायलेज ६० धरलं तर २५ लिटर, म्हणजे २,६५० रुपये. चारशे सीसीच्या आसपासच्या गाडीचं ३० धरलं तर ५० लिटर, म्हणजे ५,३०० रुपये. फरक २,६५०.

आता हप्ता. साध्या गाडीला ८० हजारांचं कर्ज, मोठीला अडीच लाखांचं. दोन्हीकडे ११ टक्के व्याज आणि तीन वर्षं. पहिलीचा हप्ता साधारण २,६१९, दुसरीचा ८,१८५. फरक ५,५६६.

दोन्ही फरक मिळून महिन्याला ८,२१६ रुपये. वर्षाला ९८ हजार ५९२.

आता मसाल्याकडे या. एका पाकिटामागे सगळा खर्च जाऊन दहा रुपये सुटत असतील, तर ८,२१६ रुपयांसाठी महिन्याला ८२२ पाकिटं विकावी लागतील. दिवसाला तेहतीस. पहिली तेहतीस पाकिटं रोज गाडीच्या रुबाबाला. त्यानंतरचं चौतिसावं पाकीट आईच्या मेहनतीचं.

अजून एक बाजू आहे, ती कुणी बघत नाही. दोन कर्जांमधला फरक १ लाख ७० हजार. हीच रक्कम मालात फिरवली, वर्षात सहा वेळा फिरली आणि दर फेरीला १२ टक्के सुटले, तर वर्षाला १ लाख २२ हजार ४०० होतात. म्हणजे तोटा नुसता खर्चाचा नाही, न कमावलेल्या पैशाचा पण आहे.

शोरूमवाला हळू आवाजात सांगतो ते

काही खर्च कोटेशनच्या खालच्या ओळीत असतात, तेही बघा.

पहिला जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीला १८ टक्के झाला, आधी २८ होता. ३५० च्या वर गेलं की थेट ४० टक्के. इथं पण देश बघितला जात नाही, सीसी बघितली जाते. होंडाची सीबी ३५० आणि बुलेट ३५० ह्या रेषेच्या आत आहेत. स्पीड ४००, आरएस ४५७ बाहेर. ज्याला थोडी दणकट आणि मिरवायची गाडी पाहिजे, त्याने ही ३५० ची रेषा लक्षात ठेवावी.

दुसरा इन्शुरन्स. नवीन गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच भरावा लागतो. जून २०२२ च्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, ३५० च्या वर १५,११७. फरक अकरा हजारांच्या वर. आणि हा फक्त थर्ड पार्टी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा गाडीच्या किमतीप्रमाणे वेगळा.

तिसरा एक गैरसमज. बरेच जण म्हणतात, दुकानाच्या जीएसटी नंबरवर बिल करतो, इनपुट मिळेल. माणसं बसायच्या गाडीवर सर्वसाधारणपणे इनपुट मिळत नाही, कायद्यानेच ते अडवलंय. सीएला विचारल्याशिवाय हा आकडा नफ्यात धरू नका.

चौथा सगळ्यात महत्त्वाचा. धंद्यासाठी काढलेलं मुद्रा कर्ज बाईकच्या डाऊन पेमेंटला वळवू नका. बँकेने पैसे मालाला, मशीनला दिलेत. शिवाय पुढे मोठं कर्ज मागायला जाल तेव्हा बँक आधी बघते की ह्याचे हप्ते किती चालू आहेत. आठ हजारांचा बाईकचा हप्ता दिसला की तुमची मर्यादा तिथंच खाली येते. धंदा वाढवायच्या वेळी ती गाडी तुमच्या आडवी उभी राहते.

दुसरी बाजूही ऐकून घ्या

मी एकतर्फी बोलतोय असं वाटेल, म्हणून दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते पण लिहितो.

युरोपियन म्हणजे सारखी सर्व्हिस, असं सरसकट म्हणता येत नाही. स्पीड ४०० च्या सर्व्हिसचं अंतर कंपनीने १६ हजार किलोमीटर दिलंय. आपल्या साध्या गाडीला तेवढ्यात चार-पाच वेळा ऑइल बदलावं लागतं.

साधी गाडी कुठलाही मिस्त्री दुरुस्त करतो, हेही आता पूर्ण खरं राहिलं नाही. एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आलं, कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. आता शंभर सीसीच्या गाडीलाही सेन्सर आहेत. चेक लाईट लागली की पान्हा घेऊन काही होत नाही, स्कॅनर लावावा लागतो. म्हणजे तुमच्या गावातल्या मिस्त्रीकडे स्कॅनर नसेल तर तुमची 'साधी' गाडीपण उभी राहू शकते.

आणि ब्रेक, सस्पेन्शन, टायर ह्या बाबतीत मोठी गाडी खरंच जास्त धीर देते. हायवेला ट्रकच्या मागून निघताना ते कळतं. सुरक्षेचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. पण त्याच्यासाठी चारशेच सीसी लागते असं नाही. १२५ च्या वरच्या बऱ्याच गाड्यांना एबीएस मिळतं. ते घ्या, आणि हेल्मेट घ्या. तीन हजारांचं चांगलं हेल्मेट घ्यायला नको म्हणणारी पोरं तीन लाखांच्या गाडीच्या गोष्टी करतात, तेव्हा मला खरंच राग येतो.

काही जणांना युरोपियन गाडी धंद्यासाठीसुद्धा बरोबर आहे. तुमचं टुरिंगचं चॅनल आहे, रायडिंग गिअर विकता, गाड्यांचं डिटेलिंग करता, तर ती गाडीच तुमची पाटी आहे. तिचा खर्च जाहिरातीत धरा. किंवा धंद्याची वेगळी गाडी दारात आहे, कर्ज नाही, वर्षभराचा घरखर्च बाजूला आहे. मग खुशाल घ्या. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं आहे. हप्त्याला मात्र असतं.

मग ठरवायचं कसं?

शोरूमला जायच्या आधी एक दिवस काढा आणि ही तीन कामं करा. मी ह्याला तीन दिवसांची कसोटी म्हणतो.

पहिलं काम. जी गाडी घ्यायची आहे तिच्या सहा पार्टची चिठ्ठी करा: क्लच लिव्हर, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, चेन सेट, इंडिकेटर, हेडलाईट. नांदेडला राहत असाल तर वजिराबादकडची, लातूरला असाल तर गंजगोलाईकडची दोन-तीन पार्टची दुकानं फिरा. शोरूमच्या पार्ट काउंटरलाही जा. "आहे का? भाव काय? नसेल तर किती दिवसात?" एवढंच विचारा आणि उत्तर लिहून घ्या. "येऊन जाईल" हे उत्तर नाही. तारीख मागा.

दुसरं काम. तुमच्या घरापासून वीस किलोमीटरच्या आत ही गाडी उघडणारे मिस्त्री किती, ते मोजा. एकच असेल तर तो लग्नाला गेला की तुमचा धंदा बंद. निदान दोन पाहिजेत, आणि एकाकडे तरी स्कॅनर पाहिजे.

तिसरं काम. तीच गाडी चार वर्षं वापरलेल्या माणसाला भेटा. नवीन घेतलेल्याला विचारू नका, तो अजून हनिमूनमध्ये असतो. चार वर्षांवाल्याला विचारा, सगळ्यात जास्त दिवस गाडी किती उभी राहिली? आणि विकायला काढली तर किती जण बघायला आले? स्प्लेंडर किंवा शाईनचं जुनं गिऱ्हाईक प्रत्येक गावात असतं. चारशे सीसीच्या जुन्या गाडीचं गिऱ्हाईक शहरातलं कॉलेजचं पोरगं असतं, आणि तो पण हप्त्यावरच नवीन बघत असतो.

तिन्ही कामांनंतर स्वतःला विचारा: ही गाडी रस्त्यात पडली तर तीन दिवसात परत लाईनला लागेल का? उत्तर 'हो' असेल तर गाडी ऑस्ट्रियाची असू दे, इटलीची असू दे, जपानची असू दे, बेधडक घ्या. उत्तर 'नाही' असेल तर ती हौसेची गाडी आहे. धंद्याची नाही. हौसेची गाडी धंद्याच्या पैशाने घ्यायची नसते.

आज आपल्या भागात बहुतेक वेळा ह्या कसोटीत जपानी घराण्याच्या १००-१२५ सीसीच्या गाड्या आणि बजाज, टीव्हीएसच्या तशाच गाड्या पास होतात. म्हणून धंद्याची पहिली तीन वर्षं तीच घ्या, असं माझं मत आहे. दहा वर्षांनी चित्र वेगळं असेल. चाकणच्या गाड्या वाढल्या की पार्टही तालुक्याला येतील. तेव्हा मी हेच मत बदलून लिहीन.

जाता जाता, ज्यांना गाड्यांचं खरंच वेड आहे त्यांच्यासाठी एक. नांदेड-लातूरला कोचिंगसाठी पोरं येतात, त्यांच्याकडे अशा गाड्या आहेत. ह्या गाड्या वॉरंटीबाहेर गेल्यावर त्या नीट उघडणारे हात कमी आहेत. एखाद्याने व्यवस्थित ट्रेनिंग घेतलं, स्कॅनर घेतला, चार गाड्यांचे जास्त खपणारे पार्ट स्टॉकला ठेवले, तर लोक वीस-तीस किलोमीटरवरून येतील. ज्याच्या पार्टसाठी मी सतरा दिवस थांबलो, तो पार्ट रॅकला ठेवणं हाच एक धंदा आहे. गाडीचं वेड असेल तर ती विकत घ्यायच्या आधी तिच्यातून कमवायला शिका.

औशाच्या त्या पोराला हे सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकलं. मग म्हणाला, "सर, बरोबर आहे तुमचं. पण तुम्ही चालवून तर बघितली ना?"

मला उत्तर सुचलं नाही. कारण खरंच आहे. अहमदपूरच्या त्या रस्त्याची सकाळ मला अजून आठवते, आणि गाडी घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो वेळेचा. दोन वर्षं थांबलो असतो तर तीच गाडी बिनहप्त्याची घेतली असती, आणि सतरा दिवस ती उभी राहिली तरी दुकान चालू राहिलं असतं. मी त्याला म्हटलं, "बघ भाऊ, घेऊ नको म्हणत नाही. मसाल्याच्या पैशाने घे. मसाला सुरू व्हायच्या आधी घेऊ नको."

तो "बघतो सर" म्हणून गेला. आता काय घेतो ते बघू.

तुमचं आजचं काम: सहा पार्टची चिठ्ठी करा आणि उद्या दुकान फिरून या. गाडी नंतर.